व्हाइट पीकमधील वाहनमुक्त सायकलमार्ग

व्हाइट पीकमधील वाहनमुक्त सायकलमार्ग हे इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या चुनखडकी प्रदेशातून जाणारे मार्ग आहेत. हे मार्ग बंद पडलेल्या लोहमार्गांच्या जागेवर तयार करण्यात आले आहेत. मॉन्सल ट्रेल, टिसिंग्टन ट्रेल आणि हाय पीक ट्रेल हे त्यांतील तीन प्रमुख मार्ग होत. ते मुख्यतः डर्बीशर काउंटीत असून त्यांवर मोटारींना प्रवेश नाही. सायकलस्वार, पादचारी, घोडेस्वार आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्ती त्यांचा उपयोग करतात. स्टॅफर्डशर काउंटीतील मॅनिफोल्ड वे हा मार्गही याच प्रकारचा आहे.

भूरचना

पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाची स्थापना इ.स. १९५१ मध्ये झाली. ते युनायटेड किंग्डममधील पहिले राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे भूशास्त्रीयदृष्ट्या दोन भाग पडतात. उत्तरेकडील व कडांवरील भाग काळपट वालुकाश्माचा असून त्याला डार्क पीक म्हणतात. मध्य व दक्षिण भागात फिकट रंगाचा चुनखडक आहे. त्याच्या रंगावरून या भागास व्हाइट पीक हे नाव पडले.

हा चुनखडक कार्बॉनिफेरस काळात, म्हणजे सुमारे ३५ ते ३३ कोटी वर्षांपूर्वी, उष्ण व उथळ समुद्राच्या तळाशी सागरी जीवांच्या अवशेषांपासून तयार झाला. किंचित आम्लधर्मी पावसाच्या पाण्यात चुनखडक हळूहळू विरघळतो. त्यामुळे खडकातील भेगा रुंदावतात, पाणी जमिनीखाली जाते आणि गुहा व कोरड्या दऱ्या निर्माण होतात. अशा प्रदेशाला कार्स्ट प्रदेश म्हणतात. व्हाइट पीकच्या पठारावर नद्या थोड्या आहेत. वाय, डव्ह, लॅथकिल आणि मॅनिफोल्ड या नद्यांनी मात्र पठारात खोल, उभ्या कड्यांच्या दऱ्या कोरल्या आहेत. पठारावरील शेतांच्या सीमाही त्याच पांढुरक्या दगडाच्या, चुनागारा न वापरता रचलेल्या भिंतींनी आखलेल्या दिसतात.

लोहमार्गांची पार्श्वभूमी

चुनखडकाचा उपयोग बांधकामासाठी आणि चुना तयार करण्यासाठी होत असे. शेतजमीन सुधारण्यासाठी आणि लोखंड गाळण्यासाठीही तो लागे. हा जड माल खाणींपासून बाहेर नेण्याची गरज हे या डोंगराळ प्रदेशात लोहमार्ग येण्याचे एक महत्त्वाचे कारण होते.

क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे हा ब्रिटनमधील अगदी आरंभीच्या लोहमार्गांपैकी एक आहे. क्रॉमफर्ड कालवा आणि व्हेली ब्रिज येथील पीक फॉरेस्ट कालवा यांना जोडण्यासाठी तो बांधण्यात आला. पठारावर पाण्याची टंचाई असल्याने तेथून कालवा नेणे अवघड होते. इ.स. १८३० व १८३१ मध्ये दोन टप्प्यांत सुरू झालेला हा मार्ग सुमारे ५३ किमी लांब होता. अभियंता जोसायस जेसप यांनी त्याची आखणी कालव्याच्या धर्तीवर केली. लांब सपाट टप्पे आणि त्यांच्यामध्ये तीव्र चढ अशी ती रचना होती. सपाट भागात सुरुवातीला घोडे वाघिणी ओढत. चढांवर एका जागी बसवलेली वाफेची इंजिने त्यांना साखळीने किंवा दोराने वर खेचत. या मार्गावरील मालधक्क्यांनाही कालव्यावरील धक्क्यांप्रमाणेच ‘व्हार्फ’ म्हणत.

मिडलँड रेल्वेचा वाय नदीच्या दरीतून जाणारा मार्ग इ.स. १८६३ मध्ये सुरू झाला. पुढे तो लंडन व मँचेस्टर यांना जोडणाऱ्या मुख्य मार्गाचा भाग बनला. बक्स्टन ते ॲशबोर्न हा मार्ग लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने इ.स. १८९९ मध्ये पूर्ण केला. रस्तेवाहतूक वाढल्यानंतर या मार्गांचे महत्त्व कमी झाले आणि इ.स. १९६० च्या दशकात या तिन्ही मार्गांचे मोठे भाग बंद झाले.

लोहमार्गापासून सायकलमार्ग

रूळ उखडले गेले, तरी त्यांच्यासाठी उभारलेले भराव, खोदलेल्या खिंडी, पूल आणि बोगदे कायम राहिले. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरते. त्यामुळे रेल्वेला सौम्य चढ लागतो. सायकलस्वाराला हीच गोष्ट सोयीची ठरते. एरवी दऱ्यांमुळे पदोपदी चढउतार करावा लागणाऱ्या प्रदेशात हे मार्ग बरेच अंतर जवळजवळ सपाट जातात. रस्त्यांच्या वरून किंवा खालून जाणारे जुने रेल्वे पूल असल्याने मोटारींचा रस्ता ओलांडण्याचे प्रसंगही कमी येतात.

राष्ट्रीय उद्यानाच्या नियोजन मंडळाने आणि डर्बीशर काउंटी परिषदेने यांतील जागा विकत घेतल्या. टिसिंग्टन ट्रेल व हाय पीक ट्रेल इ.स. १९७१ च्या सुमारास लोकांसाठी खुले झाले. जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती, तर अखंड मार्ग पुन्हा जुळवणे अतिशय कठीण झाले असते.

प्रमुख मार्ग

हाय पीक ट्रेल: क्रॉमफर्डजवळील हाय पीक जंक्शन ते बक्स्टनजवळील डाउलो असा हा मार्ग सुमारे २८ किमी लांब आहे. आरंभीच्या रेल्वेतंत्राच्या खुणा त्यावर स्पष्ट दिसतात. क्रॉमफर्डकडील टोकाला शीप पास्चर व मिडलटन हे चढ फार तीव्र आहेत. साधारण ८ ते ९ मीटर अंतरात तेथे १ मीटर उंची वाढते. त्यामुळे अनेक सायकलस्वार मिडलटन टॉप येथून प्रवास सुरू करतात. तेथील इंजिनघरात इ.स. १८२९ चे वाफेचे इंजिन जतन केले आहे. पुढे हॉप्टन येथे १४ मीटरला १ मीटर असा चढ, मिनिंगलो येथे दगडी भराव आणि गॉथम येथे सुमारे ५० मीटर त्रिज्येचे वळण लागते.

टिसिंग्टन ट्रेल: ॲशबोर्न ते पार्सली हे असा हा मार्ग सुमारे २१ किमी लांब असून पार्सली हे येथे तो हाय पीक ट्रेलला मिळतो. ॲशबोर्नकडून निघाल्यास बहुतेक मार्गावर मंद चढ आहे. हार्टिंग्टन येथील जुनी सिग्नल केबिन अजून उभी आहे.

मॉन्सल ट्रेल: बेकवेल ते ब्लॅकवेल मिल असा हा मार्ग सुमारे १४ किमी लांब आहे. तो इ.स. १९८१ मध्ये खुला झाला, परंतु त्यावरील लांब बोगदे सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद होते. पादचाऱ्यांना त्यांना वळसा घालून चढउताराच्या पायवाटांनी जावे लागे. सायकलस्वारांना सलग प्रवास शक्य नव्हता. दुरुस्ती व प्रकाशव्यवस्था झाल्यावर हेडस्टोन, क्रेसब्रुक, लिटन आणि ची टॉर हे चार बोगदे मे २०११ मध्ये खुले झाले. हेडस्टोन बोगद्याच्या तोंडाशी वाय नदीवरील पाच कमानींचा पूल आहे. या दरीतून रेल्वे नेण्यावर लेखक जॉन रस्किन यांनी कठोर टीका केली होती. तोच पूल इ.स. १९७० मध्ये संरक्षित वास्तू ठरला. मिलर्स डेलजवळ मार्गालगत जुन्या चुनाभट्ट्या आहेत.

मॅनिफोल्ड वे: वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड या सुमारे १३ किमी मार्गाचा महाराष्ट्राशी संबंध आहे. लीक अँड मॅनिफोल्ड ही नॅरोगेज रेल्वे इ.स. १९०४ ते १९३४ या काळात येथे धावत होती. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच त्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वे उभारली होती. दोन्ही मार्गांच्या रुळांतील अंतर २ फूट ६ इंच होते. बंद रेल्वेची ही जागा इ.स. १९३७ मध्येच पायी चालणाऱ्यांसाठी खुली झाली. आता तिच्यावर डांबरी पृष्ठभाग आहे आणि एका लहान टप्प्यात मोटारींनाही परवानगी आहे. कोरड्या हवामानात मॅनिफोल्ड नदी काही अंतर जमिनीखालून वाहते आणि तिचे पात्र रिकामे दिसते.

पृष्ठभाग व सायकल

मॅनिफोल्ड वे वगळता या मार्गांचा पृष्ठभाग प्रामुख्याने बारीक खडी व कच दाबून तयार केलेला आहे. ग्रॅव्हल बाइक अशा पृष्ठभागासाठी सोयीची असते. तिचा सांगाडा व वाकडा दांडा शर्यतीच्या सायकलीसारखा असतो, पण टायर अधिक रुंद, साधारणतः ३५ ते ५० मिमी असतात. रुंद टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो. त्यामुळे पकड वाढते व धक्के कमी बसतात. तरीही या मार्गांसाठी खास सायकलच हवी असे नाही. साध्या सायकलीनेही ते पार करता येतात आणि पार्सली हे व ॲशबोर्न येथे सायकली भाड्याने मिळतात. ओल्या दिवसांत चुनखडकाची भुकटी लगद्यासारखी होऊन साखळी व ब्रेकवर बसते. मार्ग सामायिक असल्याने वेग मर्यादित ठेवणे आणि घोड्यांजवळून जाताना आधी आवाज देणे आवश्यक असते.

मर्यादा व संवर्धन

चुनखडकाचे उत्खनन आजही चालू असल्याने या मार्गांच्या विस्ताराला मर्यादा पडतात. हाय पीक ट्रेल डाउलो येथे संपतो, कारण तेथे दगडखाण चालू आहे आणि तिथून बक्स्टनकडे जाणाऱ्या रुळांवर अजून मालगाड्या धावतात. मॉन्सल ट्रेलच्या पश्चिम टोकाजवळही खाणींसाठीचा लोहमार्ग वापरात आहे. परिणामी दोन्ही मार्गांवरून बक्स्टन गाठण्यासाठी इतर रस्ते व वाटा वापराव्या लागतात. हे सुटे मार्ग जोडून ‘व्हाइट पीक लूप’ हा वर्तुळाकार मार्ग तयार करण्याची योजना आहे. दुसरीकडे, वाय दरीतील लोहमार्ग पुन्हा सुरू करावा अशी मागणीही वेळोवेळी होते. तसे झाल्यास मॉन्सल ट्रेलचे बोगदे व पूल पुन्हा रेल्वेला लागतील.

रेल्वेच्या खिंडी आणि सोडून दिलेल्या खाणींमध्ये चुनखडकावर वाढणारी रानफुले, विशेषतः ऑर्किडच्या जाती, आढळतात. दऱ्यांच्या उतारांवर ॲश वृक्षांची राने आहेत. बुरशीमुळे होणाऱ्या ‘ॲश डायबॅक’ या रोगाने ही राने धोक्यात आली असून मार्गालगतची रोगट झाडे सुरक्षिततेसाठी तोडावी लागतात.