चांद्याचं आकाश, ताम्हिणीचं पाणी

जुलैतल्या रविवारी सकाळी चांद्यात उघडीप असली की आमच्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आज पाऊस नाही, ताम्हिणीला जाऊन येऊ.’ (हे ‘चांदा ते बांदा’मधलं चांदा नव्हे. हे मुळशीतलं, नांद्याला खेटून असलेलं, हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांनी अलीकडे घरं घेतलेलं चांदे.) वाक्य साधं आहे, पण धबधब्याला जाणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. चांद्याच्या आकाशाचा ताम्हिणीच्या पावसाशी फारसा संबंध नसतो.

अंतर म्हणाल तर पन्नासेक किलोमीटर. पिरंगुटला पौड रस्ता धरायचा, पौड ओलांडायचं, मुळशी धरणाचा जलाशय उजव्या हाताला ठेवत ताम्हिणी गाठायचं. एवढ्या टप्प्यात पाऊस किती बदलतो? पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत 25 जुलै 2024च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत 556 मिलिमीटर पडला. शहराच्या वर्षाच्या पावसाचा तीन चतुर्थांश वाटा तिथे एका दिवसात आला. त्या पावसाळ्याची ताम्हिणीची एकूण नोंद साडेनऊ हजार मिलिमीटरच्या वर गेली.

कारण शाळेच्या भूगोलातलंच आहे. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीच्या कड्याला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथेच रिकामा होतो. कड्याच्या पूर्वेला येईपर्यंत त्याच्याकडे उरते ती भुरभुर. आपण चांद्यात त्या भुरभुरीला पाऊस म्हणतो आणि तीही थांबली की पाऊस नाही म्हणतो. वर मात्र तेव्हा ढग फुटल्यासारखा कोसळत असू शकतो.

माझा एक भाचा अमेरिकेत ओरेगन राज्यात असतो. तिथल्या सिल्व्हर फॉल्स स्टेट पार्कला जायचं तर त्याचा बेत दहा मिनिटांत होतो. पार्किंगचं शुल्क भरायचं, नकाशा घ्यायचा, साडेअकरा किलोमीटरची वाट चालायची आणि एका फेरीत दहा धबधबे बघायचे. काही धबधब्यांच्या तर मागून चालत जाता येतं. त्याने फोटो पाठवला तेव्हा मी आधी दगड बघितला. काळा, थरांचा, ओळखीचा. तिथलाही बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला. त्यांचा साधारण दीड कोटी वर्षांचा, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. कठीण थराखालचा मऊ थर झिजत गेला की वरचा दगड छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि पाणी त्यावरून मोकळं पडतं. सह्याद्रीतही तेच घडतं. भाचा म्हणाला, ‘मामा, आपल्याकडे एवढं सगळं आहे, मग असं पार्क का नाही?’

आहे की. 2013 साली ताम्हिणी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचं, आणि त्याच सुमारास शेजारचं सुधागड अभयारण्यही. पण ते पर्यटकांच्या सोयीसाठी आखलेलं उद्यान नाही, हे आपल्याला नीटसं उमगलेलं नाही. अभयारण्य म्हणजे शेकरूचं, देवराईचं, कारवीचं घर. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 27व्या कलमानुसार तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही. घाटाचा रस्ता सार्वजनिक आहे. रस्ता सोडून आत उतरलात की तुम्ही दुसऱ्याच्या घरात आहात. अंधारबनची वाट पिंपरीहून निघून भिऱ्याला उतरते. तिच्यासह अशा वाटा वनखातं पावसात बंद करतं, तेव्हा लोक ‘आमचा ट्रेक अडवला’ म्हणून चिडतात. मला त्या चिडण्यात तथ्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याच शनिवार-रविवारी ताम्हिणीतल्या प्लस व्हॅलीत कुंडात उडी मारलेला एक जण गेला. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने 31 जुलैपर्यंत मनाई आदेश काढला: खोल पाण्यात उतरायचं नाही, पोहायचं नाही, धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील काढायचे नाहीत, दारू नाही. मुळशी तालुक्यात मुळशी धरण, ताम्हिणीचं जंगल आणि मिल्कीबार धबधबा ही ठिकाणं त्यात होती. असे आदेश पावसाळ्यात निघतात, वाढवले जातात, उठवले जातात. त्यामुळे मागच्या वर्षी मित्र गेला होता, ही यंदाची परवानगी होत नाही. देवकुंड धबधबा तर घाट उतरून रायगड जिल्ह्यात, भिऱ्याच्या पुढे. तिथला निर्णय पुण्याचा नाही, अलिबागचा. विळ्यापर्यंत उतरून, पाटणूसमार्गे भिऱ्याला पोचून, मग बंदीचा फलक बघून परत फिरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. मागच्या सीटवरच्या मुलांचे चेहरे विसरता येत नाहीत.

भुशीच्या त्या प्रसंगाची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. ती माणसं प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती. लोक म्हणाले, एवढ्या पाण्यात गेलेच कशाला? ते एवढ्या पाण्यात गेले नव्हते. ते पायरीएवढ्या पाण्यात गेले होते, पाणी नंतर आलं. डोंगराच्या माथ्यावर सर पडली की ते पाणी घळीत गोळा होऊन खाली पोचायला वेळ लागतो. तोवर खाली ऊनही पडलेलं असतं. याला आपल्याकडे लोंढा म्हणतात. तो यायच्या आधी बऱ्याचदा सांगून येतो. नितळ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. यातलं एकही दिसलं की चप्पल, मोबाइल, डबा काही न उचलता काठावर यायचं. काठावर म्हणजे तुम्ही ज्या बाजूने आलात त्या बाजूला. हे मी शिकलो ते दोन तास ओढ्याच्या पलीकडे अडकून. गुडघ्याएवढं पाणी पार करून गेलो होतो, परतायच्या वेळी ते कमरेला होतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो, हे पुस्तकात वाचलेलं तेव्हा पायांना कळलं. पाणी उतरेपर्यंत बसून राहिलो, म्हणून हा लेख लिहितोय.

आणि पोहता येतं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी. धबधब्याखालच्या कुंडातलं पाणी पांढरं दिसतं कारण त्यात हवा मिसळलेली असते. अशा फेसाळ पाण्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही. वरून पडणारी धार खाली ओढते आणि तळाशी दगड कुठे, रांजणखळगा कुठे, हे वरून कुणालाच दिसत नाही. तलावात तीस फेऱ्या मारणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही.

मुळशीचा सर्वांत मोठा धबधबा मात्र कुणालाच बघता येत नाही. मुळा नदी स्वभावाने पूर्वेला, आपल्या चांदे-नांद्याच्या बाजूने पुण्याला जाणारी. टाटांनी ती मुळशीला अडवली आणि पाणी बोगद्यातून, नळांतून पश्चिमेला, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडलं. 1927 पासून तिथे वीज होते. कोलाडला कुंडलिका नदीत लोक रबरी होड्यांतून उसळत जातात ते याच पाण्यावर, भिऱ्याहून सोडल्यावर. या धरणासाठी मावळ्यांची गावं पाण्याखाली गेली. 1921 साली सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह उभा केला, धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांत तो गणला जातो. जलाशयाच्या काठी फोटो काढताना मुलांना एवढं सांगायला हरकत नाही. धरण भरलं की विसर्ग मुळेत होतो आणि ताम्हिणीचा पाऊस असा आपल्या दारावरून जातो. त्या दिवशी नदीकाठाकडेही जाऊ नये.

मग जायचं कधी? शेतकऱ्यांना विचारा. पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. म्हणजे जुलैची पाच-सहा तारीख ते ऑगस्टची दोन-तीन. म्हातारा नावाचाच, 2024चा तो 556 मिलिमीटरचा दिवस त्याचाच. नेमकं याच काळात पुण्याची अर्धी वाहनं ताम्हिणीत असतात. त्यातच 2024च्या त्याच दिवशी आदरवाडीजवळ दरड कोसळून एकाचा जीव गेला. मी म्हणतो, पूर्वा लागू द्या. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा शेवट हा काळ माझ्या हिशेबी सर्वांत चांगला. धबधबे तेव्हाही वाहतात, धुकं मधूनमधून बाजूला होतं आणि दरी दिसते. भर जुलैत बहुतेकांना दिसतं ते पुढच्या गाडीचं मागचं दार. प्लस व्हॅली, जिथे दोन घळी एकमेकींना छेदतात, ती पावसात वरूनच बघावी. आत उतरायचा विचार करायचाच तर दिवाळीनंतर, परवानगीची चौकशी करून.

बाकी तयारी थोडी आहे. हवामान खात्याचा इशारा बघताना ‘पुणे’ एवढंच वाचू नका, ‘पुणे घाट परिसर’ असा वेगळा उल्लेख असतो, तो तुमचा. खात्याच्या हिशेबात 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार आणि 204.5 पासून अत्यंत जोरदार. केशरी किंवा लाल रंग असेल तर घरी भजी तळावीत. पहाटे सहाला निघावं, दुपारी दोनला परतीला लागावं, कारण चारनंतर धुकं आणि कोंडी एकत्र येतात. शक्य असेल तर आठवड्यातला दिवस. गाडी वळणावर उभी करू नये. बुटांना चांगल्या खाचा असाव्यात, कारण शेवाळलेल्या बेसॉल्टवर स्लीपर म्हणजे घसरगुंडी. घाटात मोबाइलला रेंज कुठे असते, कुठे नसते. कुठे चाललो आणि किती वाजता परतू, हे घरी सांगून निघावं. मदतीला 112. गाडी नसेल तर ताम्हिणीमार्गे माणगाव-महाडकडे जाणाऱ्या एसटी आहेत आणि खिडकीतून घाट बघण्यात कमीपणा नाही.

ताम्हिणी गावात विंझाईचं देऊळ आहे, देवराईच्या सावलीत. बहुतेक गाड्या ते ओलांडून पुढे जातात. तिथे अर्धा तास थांबा, स्पीकर बंद ठेवा. धबधब्याचा आवाज लांबून येतो आणि मध्येच शेकरू ओरडतं. जेवण वाटेवरच्या गावात एखाद्या घरगुती खाणावळीत करा, पिठलं-भाकरी सांगून ठेवली की मिळते. प्लास्टिक मात्र परत चांद्याला आणा, इथे घंटागाडी येते.

येत्या रविवारचा बेत असेल तर शनिवारी रात्री घाट परिसराचा इशारा बघा. केशरी दिसला तर पुढच्या आठवड्यावर टाका. ताम्हिणीला पाणी सप्टेंबरअखेरपर्यंत असतं.