सुटी सर्वांची, आजी-आजोबांची केव्हां?

शनिवार-रविवारला लागून एखादा सण किंवा राष्ट्रीय दिन आला कीं, घरांतील तरुण मंडळींचे बेत आठवडाभर आधींच सुरू होतात. २०२६ ची दिनदर्शिका पाहिली तर २६ जानेवारी सोमवारीं आणि १ मे व २ ऑक्टोबर शुक्रवारीं; म्हणजे एकाच वर्षांत तीन वेळां तीन-तीन दिवसांची सुटी आपोआप जुळून येते. कोणी कोंकणचा किनारा सुचवितो, कोणी महाबळेश्वर. या बेतांत घरच्या वडील माणसांचा विचार होत नाहीं असें नाहीं. तो होतो, पण बहुधा दोनच तऱ्हांनीं होतो. ‘घराची काळजी नको, आई-दादा आहेतच,’ ही एक तऱ्हा. ‘गाडींत जागा आहे, त्यांनाहि घेऊं,’ ही दुसरी. पहिलींत त्यांची गणना कुलपाबरोबर होते, दुसरींत सामानाबरोबर. हेतु दोन्हीकडे चांगलाच असतो. परंतु ‘तुम्हांला काय आवडेल?’ हा साधा प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नसतो.

सुटी ही श्रमाची सोबतीण आहे. मुंबईच्या गिरणी-कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून, आणि तीहि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ चळवळीमुळें. सहा दिवस राबणाऱ्यालाच सातव्या दिवसाची गोडी कळते. सेवानिवृत्त गृहस्थाला रोजच रविवार. म्हणूनच खरा रविवार त्याला उरत नाहीं. त्याची भूक विश्रांतीची नसून कामाची व सोबतीची असते. उलट आजींकडे पाहा. आजोबा निवृत्त झाले, पण आजींना स्वयंपाकघरांतून निवृत्ति कोणी दिली? सुटीच्या दिवशीं पानें वाढतात, फर्माईशी वाढतात, आणि त्यांचा तो दिवस इतर दिवसांहून कष्टाचा जातो. एकाच घरांत एकाला काम हवें, दुसरीला विसावा हवा. आणि आपण दोघांनाहि ‘तुम्ही आतां स्वस्थ बसा’ एवढाच उपदेश करितों!

यावर आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: जोडून आलेल्या प्रत्येक सुटींत एक बेत वडील माणसांनीं ठरवावा, आणि निदान एक काम असें असावें कीं, जें त्यांच्यावांचून होणारच नाहीं.

घरींच एक दुपार

असें काम शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. बहुतेक जुन्या घरांतून एक ट्रंक किंवा कपाटाचा एक खण छायाचित्रांनीं भरलेला असतो. मुंजीचे, लग्नांचे, बदलीच्या गांवचे ते फोटो. त्यांतील निम्म्या चेहऱ्यांचीं नांवें आज घरांत एकदोघांनाच ठाऊक असतात. तीं माणसें गेलीं कीं, तेच फोटो अनोळखी लोकांचे होतात. सुटीची एक दुपार यासाठीं काढावी. सतरंजीवर फोटो मांडावे, नातवंडांनीं प्रश्न विचारावे, आजी-आजोबांनीं उत्तरें द्यावीं. ‘तुमच्या वेळची कांहीं गोष्ट सांगा’ असें मोघम विचारल्यास वृद्ध माणूस गोंधळतो. पण ‘ही नऊवारींतली बाई कोण? हें अंगण कोणत्या गांवचें? हा मुलगा रुसला कां आहे?’ असें नेमकें विचारलें कीं, आठवणींचा झरा आपोआप फुटतो. मिळालेली माहिती फोटोच्या मागें, कडेला, मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो आणि शाईहि कधीं कधीं पसरते. मागची बाजू गुळगुळीत असली व पेन्सिल उठत नसली, तर फोटो पाकिटांत घालून पाकिटावर लिहावें. बोलणें चाललें असतां मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवावा. पुढें त्या आवाजाची किंमत फोटोहूनहि अधिक वाटेल.

ज्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, त्यांना हें काम अधिकच सोपें आहे. आपली शाखा उघडावी, आणि छपाईनंतर जन्मलेलीं मुलें, झालेलीं लग्नें, बदललेले पत्ते यांची भर आजोबांकडून घालून घ्यावी. आजींचें ज्ञान येथें विशेष मोलाचें ठरतें. लग्नांत बायकांचीं नांवें बदलण्याची चाल असल्यामुळें पणजीचें माहेरचें नांव काय, तिचें माहेर कोणत्या गांवचें, तिच्या बहिणी कोठें दिल्या, हें वंशावळींत पुष्कळदां सांपडत नाहीं. तें आजीच्याच स्मरणांत असतें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून घराघरांतील दप्तरें धुंडाळलीं आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. आपल्या घरचें दप्तर धुंडाळण्यास तर उंबरठाहि ओलांडावा लागत नाहीं. मात्र त्या दुपारीं चहा-फराळाचें सुनांनीं आणि नातवांनीं पाहावें. आजींनीं उठूं नये, हा नियम कडक असावा.

गांवांतलीच एक सकाळ

दुसरा दिवस गांवांतल्या गांवांत घालवावा. पुण्याचेंच उदाहरण घेतों. राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंत असतां पाहिलें असेल. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं अकालीं गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ तें उभारलें, आणि १९७५ सालीं तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. तेथें अडकित्ते, समया, दिवे, दौती, स्वयंपाकघरांतील भांडीं अशा रोजच्या वापरांतल्या वस्तूच मोठ्या संख्येनें आहेत. नातवाला त्या कांचेआडच्या नवलाच्या वस्तु वाटतात. आजीनें त्यांतल्या कित्येक हातीं धरलेल्या असतात. घटकाभर ती मार्गदर्शक होते आणि घरचे पदवीधर तिचे विद्यार्थी होतात. इमारत मजल्यांची आहे, म्हणून एका दिवसांत सर्व पाहण्याचा अट्टाहास नको. एक-दोन दालनें निवांत पाहावीं, बाकीचीं पुढच्या सुटीस ठेवावीं. दुसऱ्या गांवीं दुसरें स्थळ निघेल. तें निवडतांना वडील माणसाला तेथें सांगण्यासारखें कांहीं आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावें.

परगांवचा प्रवास

‘या वयांत त्यांना कशाला दगदग?’ असा आक्षेप येथें येतो. महर्षि धोंडो केशव कर्वे १९२९ सालीं परदेशाच्या लांब प्रवासास निघाले, तेव्हां त्यांनीं सत्तरी गांठलेली होती. रियासतकार सरदेसाई यांचा मराठ्यांचा इंग्रजी इतिहास १९४६ ते १९४८ या काळांत तीन खंडांत निघाला, तेव्हां त्यांनीं ऐंशी ओलांडली होती. प्रत्येकाची प्रकृति तशी नसते हें खरें. परंतु केवळ वय मोजून दुसऱ्यानें निकाल द्यावा, हेंहि बरोबर नव्हे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारें अडीचशें किलोमीटरची वाट साठी-सत्तरी उलटलेले वारकरी दरसाल चालतात. त्यांचें बळ पायांइतकेंच वारीच्या रीतींत आहे: ठरलेले मुक्काम, मधले विसावे, दिंडीची सोबत आणि मुखीं नाम. कौटुंबिक सहलीनें एवढें जरी उचललें तरी निम्म्या अडचणी संपतील.

आरोग्याच्या दृष्टीनेंहि हेंच योग्य. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ६५ वर्षांवरील माणसांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायाम सुचविले आहेत. दिवसभर गाडींत बसवून ठेवणें आणि मग एकदम गड चढविणें, या दोहोंतहि हें साधत नाहीं. दर दोन तासांनीं थांबावें, चार पावलें चालावें. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. शिवाय वाटेंत शौचाची सोय नसेल या संकोचानें वृद्ध स्त्रिया पाणीच पीत नाहींत, आणि मग घेरी येते. म्हणून थांबण्याच्या जागा आधींच ठरवून त्यांना सांगाव्या. रोजचीं औषधें सामानांत न टाकतां हातच्या पिशवींत असावीं.

स्थळ निवडतांना बसण्याची सोय आधीं पाहावी. पांचगणी व महाबळेश्वर यांच्या दरम्यानचें भिलार हें गांव मे २०१७ मध्यें ‘पुस्तकांचें गांव’ झालें. तेथें घराघरांतून मराठी पुस्तकें मांडलेलीं आहेत. पाहुण्यानें ओसरीवर बसावें आणि वाचावें. तरुणांनीं टेंकड्या हिंडाव्या, आजोबांनीं पुस्तक उघडावें. कोणी कोणासाठीं खोळंबत नाहीं. राज्य परिवहनाच्या गाड्यांतून पंचाहत्तरीपुढील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यांत भाडें पडत नाहीं, आणि ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे पडतें, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

कांहीं वडील माणसांना कोठेंच जावयाचें नसतें. तेंहि मान्य करावें. कोणाला जुना मित्र घरीं बोलवावासा वाटेल, कोणाला गाण्याची बैठक हवी असेल, कोणाला नुसतें शांत घर. अंथरुणास खिळलेल्या माणसालाहि फोटोंतील नांवें सांगतां येतात. विचारून ठेवलेलें एकटेपण विसाव्यासारखें असतें. न विचारतां ठेवलेलें एकटेपण बोंचतें.

तेव्हां वाचकहो, पुढची जोडून येणारी सुटी दिनदर्शिकेंत पाहून ठेवा, आणि गाडीची किंवा हॉटेलाची चौकशी करण्यापूर्वीं आपल्या वडिलांच्या खोलींत जा. सुट्या पुढेंहि येतच राहतील; परंतु ट्रंकेंतल्या त्या चेहऱ्यांचीं नांवें सांगणारीं माणसें पुढच्या प्रत्येक सुटीस असतीलच, अशी खात्री कोणी द्यावी?