नोंदवहीत 'शांत' लिहू नका

मनोविकार वॉर्डात पोस्टिंगला आलेल्या नर्सिंगच्या मुली पहिल्या दिवशी हमखास विचारतात, "मॅडम, इथं करायचं काय?" सलाईन नाही, ड्रेसिंग नाही. रुग्ण चालतेफिरते, कोणी वऱ्हांड्यात बसलेला, कोणी चहाची वाट पाहणारा. मी एकीला सांगते, त्या काकांजवळ जरा वेळ बस आणि जे दिसलं-ऐकलं ते लिहून आण. वहीत लिहून येतं: 'रुग्ण शांत आहे. झोप चांगली. सहकार्य करतो.' ही नोंद मी खोडते.

शांत म्हणजे नेमकं काय? रात्रीच्या गोळीची गुंगी उतरलेली नाही म्हणून शांत? कानात कोणीतरी बोलतंय, ते ऐकण्यात गुंतलाय म्हणून? की हॅलोपेरिडॉलनं अंग आखडलंय आणि चेहऱ्यावरची हालचालच गेलीय? आणखी एक शक्यता आहे, ती सगळ्यांत वाईट. आठवडाभर रडणारा, येरझाऱ्या घालणारा नैराश्याचा रुग्ण एका सकाळी अचानक निवांत दिसतो. हातातलं घड्याळ भावाला देऊन टाकतो. घरचे खूश होतात. अनुभवी सिस्टर मात्र त्याची खाट ड्युटीरूमसमोर घ्यायला लावते आणि डॉक्टरांना कळवते. मरायचं पक्कं ठरलं की कधी कधी माणसाची घालमेल थांबते.

मानसिक स्थितीच्या तपासणीची यादी मुलींना पाठ असते: पेहराव, बोलणं, मनःस्थिती, विचार, भास, स्मरणशक्ती, आजाराची जाण. गोंधळ होतो तो भास आणि भ्रम यांत. कोणी नसताना आवाज येतो, तो भास. पुरावा समोर ठेवला तरी न हलणारी चुकीची खात्री, तो भ्रम. आता वऱ्हाडातला बाप्या म्हणाला, "माह्यावर करणी केली," तर तो भ्रम का? घरात, गावात सगळेच तसं मानत असतील तर एवढ्यावरून लक्षण म्हणता येत नाही. पण बायकोच म्हणत असेल, "आमच्यात कोणी असं मानत नाही, यायच्याच डोक्यात बसलं," आणि जेवणात विष कालवलंय म्हणून तो चार दिवस उपाशी असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून घरच्यांशी बोलल्याशिवाय भ्रमाचा रकाना भरू नये.

आवाज ऐकणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हो ला हो म्हणायचं नाही. "मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्ही घाबरलात हे दिसतंय," एवढं पुरतं. मुलींच्या तोंडी येतं, "काळजी नका करू काका, सगळं ठीक होईल." ऐकायला गोड, पण पुढचं बोलणं तिथंच बंद पडतं. हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेनं १९५२ साली परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावर पुस्तक लिहिलं. नुसती सोबत नव्हे, ते नातंच उपचाराचं साधन आहे, हा विचार तिच्यामुळे शिक्षणात रुजला.

खरी परीक्षा मात्र मनोविकार वॉर्डाच्या बाहेर, मेडिसिनमध्ये होते. आमच्या भागात 'औषध घेतलं' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फेट पिऊन आलेल्याला उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू असतं. दुसऱ्या दिवशी तो चादरीवरून काहीतरी वेचू लागतो, त्याला भिंतीवर मुंग्या दिसतात, डॉक्टरांनाच जावई समजतो. लगेच कोणीतरी म्हणतं, वेड लागलं, सायकियाट्रीला कळवा. थांबा. आधी बाहुल्या बघा, कातडी बघा, नाडी मोजा. बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं पण कोरडं, नाडी पळतेय, दिवस-वेळेचं भान नाही: हे ॲट्रोपिन जास्त झाल्याचं चित्र आहे, आणि ते तातडीनं डॉक्टरांना सांगायचं. दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांनीही असाच बरळणारा रुग्ण दिसतो. अचानक सुरू झालेला, तासातासाला बदलणारा, दिसण्याचे भास जास्त असलेला गोंधळ बहुधा शरीरातून आलेला असतो.

फवारणीचं औषध प्यालेल्याच्या खाटेजवळ नातेवाईक हळूच म्हणतात, "सिस्टर, चुकून पिल्या गेलं असं लिहा नं." भीती पोलिसांची. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा न करता सरकारनं उपचार द्यायचे असतात. हे घरच्यांना समजावण्यात गेलेला वेळ मी वाया गेलेला मानत नाही. खरं लिहिलं तरच पुढं लक्ष ठेवता येतं.

आमचा एक धडा उन्हाळ्याचा आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढं जातो. मनोविकारावर लिथियम घेणारा माणूस कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला गेला, घाम गेला, पाणी कमी पडलं, वरून अंगदुखीची गोळी दुकानातून घेतली, की रक्तातलं लिथियम वाढतं. ते साधारण लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट हवं. वाढलं की हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चाल डगमगते, जीभ जड होते. गावात म्हणतात, पिऊन आला. अंग आखडू नये म्हणून दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी तर घामच कमी करते, त्यामुळे ऊन लागायचा धोका वाढतो. सुटी देताना आम्ही पाण्याचं सांगतो, आणि मीठ मनानं बंद करू नका हेही.

पण हे सगळं माणूस मदत घ्यायला आला तर. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत त्यासाठी 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक यांनी तो चालवला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. 'लॅन्सेट सायकियाट्री'नं २०१७ साली हा अभ्यास छापला. वाढ मोठी आहे. तरी चारांपैकी जवळजवळ तिघं मदतीविना राहिलेच.

घरात कोणी आजारी असेल तर डॉक्टरांकडे जाताना 'विचित्र वागते' एवढंच सांगू नका. किती वाजता उठली, काय बोलली, जेवली की ताट सरकवलं, गोळी खरंच गिळली का, हे कागदावर लिहून न्या. फवारणीचं औषध कुलपात ठेवा. आणि बोलायला कोणी नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.