छिद्रसमूहाचे स्थानमापन

छिद्रसमूहाचे स्थानमापन : यंत्रभागावर ठराविक मांडणीत पाडलेल्या छिद्रांचे मध्य मोजून ते आरेखनात दिलेल्या जागांपासून किती ढळले आहेत, हे ठरविण्याची क्रिया. फ्लँज, पंपाचे झाकण, दंतचक्रपेटीचे कवच, मोटारीच्या चाकाची तबकडी इ. भागांत प्रत्येक छिद्राचा व्यास अचूक असून भागत नाही; सर्व बोल्ट एकाच वेळी समोरच्या भागात शिरावे लागतात. म्हणून अशी छिद्रे सुटी न मानता एक समूह मानतात. या कामासाठी सहनिर्देशक मापन यंत्र वापरतात आणि मोजलेला समूह आदर्श समूहावर बसविण्याच्या गणिती पद्धतीला सर्वोत्तम जुळवणी किंवा कारखान्यांतील रूढ शब्दांत ‘बेस्ट फिट’ म्हणतात.

इतिहास : निरीक्षणांतील चुकांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणारी लघुतम वर्ग पद्धती आद्रीअँ मारी लझांद्र यांनी १८०५ मध्ये व कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी १८०९ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा पहिला उपयोग ग्रहगोलांच्या कक्षा काढण्यासाठी झाला. छिद्राच्या मध्यासाठी चौरसाऐवजी वर्तुळाकार सह्यताक्षेत्र असावे, हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्कॉटलंडमधील पाणतीर कारखान्यातील स्टॅन्ली पार्कर यांनी मांडला. ±०·१ मिमी.च्या चौरसाच्या कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ चौरसाच्या सु. १·५७ पट असते. म्हणजे कार्यास योग्य असे अनेक भाग जुन्या रीतीने विनाकारण नाकारले जात होते. सहनिर्देशक मापन यंत्रांचा विकास विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाला. काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस एंजिनाच्या नळ्या मोजण्याच्या गरजेतून डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ मध्ये स्पर्श होताच संकेत देणारी एषणी तयार केली व त्यानंतर या यंत्रांचा प्रसार वेगाने झाला. महाराष्ट्रात पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील मोटार उद्योगात ती आज नित्याची आहेत.

मापनाची रीत : यंत्राच्या परस्परलंब तीन अक्षांवर सरकणाऱ्या एषणीच्या टोकाशी बहुधा कृत्रिम माणकाची गोळी असते. ती छिद्राच्या भिंतीला अनेक ठिकाणी टेकवून त्या बिंदूंवरून वर्तुळ व त्याचा मध्य काढतात. वर्तुळ ठरण्यास तीन बिंदू पुरतात. परंतु छिद्राचा आकार सदोष असल्यास तीन बिंदू फसवे ठरत असल्याने अधिक बिंदू घेतात. मापनाचे प्रमाण तापमान २०° से. आहे. १०० मिमी. लांबीचा पोलादी भाग ३०° से. तापमानास सु. ०·०१२ मिमी.ने वाढतो, म्हणून कोकणासारख्या उष्ण व दमट हवेच्या प्रदेशात मापनकक्ष वातानुकूलित ठेवणे व भाग त्या कक्षात पुरेसा वेळ ठेवून मगच मोजणे अगत्याचे असते.

मध्याचे आदर्श स्थानापासूनचे अंतर दुप्पट केले की स्थानविचलन मिळते; सह्यता वर्तुळाच्या व्यासात देत असल्यामुळे ही दुप्पट करावी लागते.

सर्वोत्तम जुळवणी व तिच्या मर्यादा : या पद्धतीत मोजलेला संपूर्ण समूह किंचित सरकवून व फिरवून आदर्श समूहाशी शक्य तितका जुळवतात आणि उरलेले विचलन नोंदवितात. मात्र सरकविण्याची व फिरविण्याची मोकळीक किती द्यावयाची, हे गणिताने ठरत नाही. जोडणीत त्या भागाला जेवढी मोकळीक असते तेवढीच देता येते.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील यांत्रिक मासेमारी नौकांत डीझेल एंजिनाची दंतचक्रपेटी व पंख्याचा दंड हे फ्लँजांनी जोडलेले असतात. अशा पुष्कळ जोडांत एका फ्लँजच्या मध्यावरील गोल उंचवटा दुसरीच्या खाचेत बसून दोन्ही दंड एका रेषेत आणतो. समजा, ५० मिमी. त्रिज्येच्या वर्तुळावर चार छिद्रे आहेत, सह्यता ०·२० मिमी. आहे आणि संदर्भ हा मधला उंचवटा आहे. क्ष व य दिशांतील मोजलेली विचलने क्रमाने (०·१२, ०·०५), (०·०३, ०), (०·१२, −०·०५) व (०·१३, ०) मिमी. आली. यांवरून स्थानविचलने ०·२६, ०·०६, ०·२६ व ०·२६ मिमी. निघतात, म्हणजे तीन छिद्रे नापास ठरतात.

आता पूर्ण मोकळीक देऊन लघुतम वर्ग जुळवणी केली, तर समूह क्ष दिशेत ०·१० मिमी. सरकतो, सु. ३·४ कोनीय मिनिटे फिरतो व प्रत्येक छिद्राचे विचलन केवळ ०·०४ मिमी. उरते. अहवाल निर्दोष दिसतो; पण उंचवटा खाचेत घट्ट बसत असल्याने प्रत्यक्षात भाग फिरू शकतो, सरकू शकत नाही. केवळ फिरण्याची मोकळीक दिल्यास विचलने ०·२४, ०·१६, ०·२४ व ०·१६ मिमी. येतात व दोन छिद्रे नापासच राहतात. असा भाग जोडताना बोल्ट अडतात; छिद्रे कानशीने वाढवून ते बसविले, तर जोड सैल होऊन कंप व धारव्यांची झीज यांचा धोका राहतो. उलट, जेथे मधला उंचवटा नसतो व दोन फ्लँज केवळ बोल्टांनीच एकमेकींवर बसतात, तेथे पूर्ण मोकळीक रास्त ठरते. तेथे संदर्भाचा आग्रह धरल्यास चांगला भाग फुकट जातो.

जुळवताना समूहाचे प्रमाण लहान-मोठे करण्याची मुभा संगणक आज्ञावलीत असल्यास ती बंद ठेवावी लागते. अन्यथा छिद्रवर्तुळाच्या व्यासातील चूक झाकली जाते. तसेच लघुतम वर्ग पद्धती सर्व छिद्रांची एकूण चूक घटविते, तर भाग स्वीकारार्ह आहे की नाही हे सर्वांत वाईट छिद्रावर ठरते. म्हणून निर्णयासाठी सर्वांत मोठे विचलन किमान करणारी जुळवणी अधिक योग्य असते. छिद्र किमान व्यासापेक्षा मोठे असल्यास अधिक सह्यता द्यावी, असे आरेखनात नमूद असेल, तर प्रत्येक छिद्राची मर्यादा वेगळी धरून जुळवणी करतात. पक्क्या खुंट्यांचा कार्यात्मक मापक हीच परीक्षा एका झटक्यात घेतो; परंतु विचलन किती व कोणत्या दिशेस आहे हे तो सांगत नाही.

या दृष्टीने सर्वोत्तम जुळवणीचा खरा उपयोग निदानासाठी आहे. वरील उदाहरणात तिने उघड केले की छिद्रांची आपसांतील मांडणी उत्तम असून संपूर्ण समूहच ०·१० मिमी. सरकला आहे, अर्थात दोष छिद्रणाच्या वेळी भाग यंत्रावर बसविण्यात शोधावा लागेल. म्हणून संदर्भावरून काढलेली व जुळवणीनंतरची अशी दोन्ही विचलने अहवालात देऊन जुळवणीत दिलेली मोकळीक स्पष्ट लिहिणे आवश्यक असते.