चार मिलिलिटरचं भांडण

औषधांवरून झालेल्या खटल्यांचे निकाल वाचायचा मला जुना नाद आहे. त्यांत औषधशास्त्र बेताचंच असतं, पण माणसांचे स्वभाव मात्र भरपूर सापडतात. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाचा फेब्रुवारी २०१४चा आदेश असाच हाती लागला. त्यात रोश आणि नोव्हार्टिस या दोन स्विस कंपन्यांना मिळून १८ कोटी २५ लाख युरोंचा दंड ठोठावलेला आहे. आरोप वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. एका कंपनीने दुसरीच्या औषधाची बदनामी केली, तर त्यात नवल नाही. इथे रोशवर ठपका होता, तो स्वतःच्याच औषधाची बदनामी केल्याचा. ‘आमचं अवास्टिन डोळ्यात टोचू नका, ते धोक्याचं आहे’, असा समज डॉक्टरांमध्ये आणि सरकारी यंत्रणेत पसरवण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी संगनमत केलं, असं प्राधिकरणाचं म्हणणं.

स्वतःच्या दुकानातला माल वाईट असल्याची दवंडी कुणी का पिटावी? कारण डोळ्यांसाठीचं महागडं औषध, म्हणजे लुसेंटिस, रोशच्याच जेनेन्टेक या कंपनीने बनवलेलं होतं. अमेरिकेबाहेर ते नोव्हार्टिस विके आणि त्यावर रोशला स्वामित्वधन मिळे. शिवाय नोव्हार्टिसकडे तेव्हा रोशच्या मताधिकारी शेअर्सपैकी जवळपास एक तृतीयांश शेअर्स होते. इटलीत अवास्टिनचं एक इंजेक्शन फार तर ८१ युरोंना पडे, लुसेंटिसचं सुमारे ९०० युरोंना. हिशेब उघड आहे.

डोळ्यात इंजेक्शन घेतलेलं माणूस आता आपल्याकडे बऱ्याच घरांत सापडतं. मधुमेहामुळे पडद्याला आलेली सूज, किंवा साठी-सत्तरीनंतर पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलाखाली, उगवणाऱ्या कच्च्या रक्तवाहिन्या. त्या पाझरतात, रक्त सांडतात आणि समोरच्या माणसाचा चेहराच नेमका दिसेनासा होतो. पडद्यात अशा वाहिन्यांना चिथावणारा एखादा पाझरणारा पदार्थ असला पाहिजे, असा तर्क आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने १९४८मध्येच मांडला होता. तो पदार्थ हाती नव्हता, म्हणून त्याचं नाव नुसतं ‘एक्स’. मायकेलसन पुढे इस्रायलला गेला आणि त्याचा ‘एक्स’ चाळीस वर्षं कुणाच्या हाती लागला नाही. १९८९मध्ये जेनेन्टेकमधल्या नेपोलिओने फेरारा यांनी व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्यांना चिथावणारं प्रथिन वेगळं काढलं. या प्रथिनाला जखडणारी अँटिबॉडी म्हणजे अवास्टिन. फेब्रुवारी २००४मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती आतड्याच्या कॅन्सरसाठी.

डोळ्यासाठी कंपनीने त्याच अँटिबॉडीच्या कुळातला एक लहान तुकडा घडवला. कारण असं, की माकडांच्या डोळ्यांवर केलेल्या एका प्रयोगात पूर्ण आकाराची अँटिबॉडी पडद्याच्या आतल्या थरांत शिरत नाही, असं दिसलं होतं. त्या प्रयोगात मोठा रेणू म्हणून वापरलं होतं ते स्तनाच्या कॅन्सरवरचं हर्सेप्टिन, अवास्टिन नव्हेच. १९९९च्या त्या छोट्याशा निबंधावर पुढचं सगळं अब्जावधींचं गणित उभं राहिलं. निबंध खोटा नव्हता. पण अवास्टिन तरी शिरतं का, हे प्रत्यक्ष टोचून पाहण्याची कंपनीला गरजही नव्हती आणि बहुधा उत्सुकताही.

ती उत्सुकता मायामीच्या बॅस्कम पामर नेत्रसंस्थेतल्या फिलिप रोझेनफेल्ड यांना होती. या गृहस्थांची गंमत अशी, की लुसेंटिसवरच्या ‘मरीना’ या मोठ्या चाचणीच्या शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचंच आहे. ७१६ रुग्णांच्या त्या चाचणीत लुसेंटिस घेतलेल्यांची नजर वर्षभरात तक्त्यावर सरासरी सात अक्षरांनी सुधारली आणि ज्यांना टोचल्याचं नुसतं नाटक केलं त्यांची दहा अक्षरांनी ढासळली. नजर खालावण्याचा वेग कमी करता आला तरी धन्यता मानणाऱ्या शाखेत हे अघटित होतं. पण औषधाला मान्यता मिळेपर्यंत जून २००६ उजाडला. तोवर दारात बसलेल्या रुग्णांना सांगायचं काय? रोझेनफेल्डनी आधी अवास्टिन शिरेतून देऊन पाहिलं. डोळे सुधारले, पण रक्तदाब वाढला. मग मे २००५मध्ये त्यांनी कणभर डोस थेट डोळ्यात दिला, कॅन्सरच्या डोसच्या काहीशे पट कमी. सूज उतरली. त्याच वर्षी त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि वर्ष उलटायच्या आत जगभरचे डॉक्टर तेच करू लागले. परवाना नाही, जाहिरात नाही, कंपनीचा प्रतिनिधी नाही.

अवास्टिनच्या लहान बाटलीत ४ मिलिलिटर औषध असतं. डोळ्याला लागतं ०.०५ मिलिलिटर. म्हणजे कागदावर एका बाटलीत ८० डोळे. प्रत्यक्षात कमी निघतात, पण अमेरिकेत इंजेक्शन सुमारे ५० डॉलरला पडू लागलं. लुसेंटिसचं एक इंजेक्शन २,००० डॉलरला होतं. ऑक्टोबर २००७मध्ये जेनेन्टेकने जाहीर केलं, की डोस वेगळे करून देणाऱ्या औषधशाळांना आपण यापुढे अवास्टिन पुरवणार नाही. कारण दिलं सुरक्षिततेचं. नेत्रतज्ज्ञ खवळले, सिनेटर हर्ब कोल यांनी जाब विचारला आणि डिसेंबरात तोडगा निघाला: डॉक्टरांनी माल स्वतः विकत घ्यायचा आणि औषधशाळेकडे पाठवायचा. थोडक्यात, सगळं पहिल्यासारखंच चालू राहिलं.

दोन्ही औषधं एकमेकांसमोर उभी करून कोणतं सरस हे पाहणं हाच शहाणपणाचा मार्ग होता. पण तो खर्च कुणी करायचा? कंपनीला ही तुलना नकोच होती. अखेर अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने करदात्यांच्या पैशांतून चाचणी उभी केली. नाव ‘कॅट’, प्रमुख डॅनियल मार्टिन, रुग्ण १,२००हून जरा जास्त. मला सगळ्यात आवडलेला तपशील निष्कर्षांत नाही, तो पद्धतीच्या परिच्छेदात दडलेला आहे. कुणाला कोणतं औषध दिलं हे रुग्णाला कळू नये, असा नियम होता. पण लुसेंटिसचा खर्च विम्यातून वळता होत असल्याने त्याचं नाव बिलावर छापून येई, आणि अवास्टिन चाचणीतर्फेच मिळत असल्याने येत नसे. म्हणजे काही रुग्णांना आपलं औषध टपालाने कळलं असण्याची शक्यता आहे. संशोधकांनी ते निबंधात प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे.

एप्रिल २०११मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निकाल छापला. दर महिन्याला इंजेक्शन दिल्यावर लुसेंटिसने ८.५ अक्षरं वाढली, अवास्टिनने ८.०. फरक नगण्य. औषधाचा खर्च मात्र वर्षाला माणशी २३,४०० डॉलर विरुद्ध ५९५ डॉलर. इथे भांडण मिटायला हवं होतं. पण त्याच तक्त्यात आणखी एक ओळ होती. गंभीर शारीरिक तक्रारी, म्हणजे मुख्यतः रुग्णालयात भरती व्हावं लागणं, लुसेंटिसच्या गटात १९ टक्के आणि अवास्टिनच्या गटात २४.१ टक्के. हा जादा आकडा ज्या विकारांमुळे दिसत होता, ते या जातीच्या औषधांशी पूर्वी कधी जोडले गेलेले नव्हते. शिवाय कमी वेळा इंजेक्शन घेतलेल्यांत तक्रारी उलट जास्त होत्या. औषधच दोषी असेल तर असं व्हायला नको. तरी आकडा आकडाच, आणि तो झटकून टाकणं मला पटत नाही. त्याला उत्तर आणखी आकड्यांनीच देता येतं. ब्रिटनमध्ये उषा चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखाली ६१० रुग्णांची ‘आयव्हॅन’ चाचणी झाली, इतर देशांतही झाल्या. मिलानच्या लोरेन्झो मोया यांनी २०१४मध्ये, कंपन्यांचा पैसा नसलेल्या नऊ चाचण्यांतले ३,६६५ रुग्ण एकत्र मोजले. मृत्यू किंवा गंभीर तक्रारी यांत दोन औषधांमध्ये ठरवून बोट ठेवावं असा फरक निघाला नाही.

ही बेरीज इटलीतच व्हावी हे साजेसंच झालं. तिथल्या आदेशानुसार, या संगनमतामुळे २०१२ या एका वर्षात सरकारी आरोग्यसेवेला ४ कोटी ५० लाख युरोंचा जादा भुर्दंड पडला. तक्रार घेऊन गेले होते ते खासगी शल्यकेंद्रांचा संघ आणि नेत्रतज्ज्ञांची संघटना. कंपन्या वरपर्यंत लढल्या. २०१८मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की शास्त्रीय अनिश्चिततेच्या काळात परवानाबाह्य वापराबद्दल दिशाभूल करणारी माहिती पसरवायचा करार हा स्पर्धेवरचा घाला ठरू शकतो. पुढच्या वर्षी इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने दंड कायम केला. इंग्लंडमध्ये गोष्ट उलट्या बाजूने घडली. ईशान्येकडच्या बारा आरोग्य मंडळांनी रुग्णांना अवास्टिनचा पर्याय द्यायचं ठरवलं म्हणून डोळ्याचं दुसरं महाग औषध विकणाऱ्या बायरने आणि नोव्हार्टिसनेच त्यांना कोर्टात खेचलं. कंपन्या २०१८मध्ये हरल्या, २०२०मध्ये अपिलातही हरल्या.

इथवर वाचून अवास्टिन नायक आणि कंपन्या खलनायक असं चित्र कुणी रंगवलं असेल, तर ते अर्धंच खरं आहे. ज्या औषधाला डोळ्यासाठी परवानाच नाही, त्याचे डोस वेगळे करण्याची जबाबदारी कायद्याने कुणाच्याच गळ्यात नीट पडत नाही. २०११च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात एकाच औषधशाळेतून आलेल्या सिरिंजांमुळे किमान बारा जणांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला. २०१२मध्ये अमेरिकेच्या बाजारात अवास्टिनच्या बनावट बाटल्या सापडल्या, त्यांत औषधाचा थेंब नव्हता. सप्टेंबर २०२३मध्ये पाकिस्तानच्या पंजाबात अशाच इंजेक्शनांनंतर कित्येकांची दृष्टी गेली.

आणि आपल्याकडे जानेवारी २०१६. गुजरातमध्ये अवास्टिन टोचलेल्या सुमारे पंधरा रुग्णांना त्रास झाला आणि केंद्रीय औषध नियंत्रकांनी ते डोळ्यात वापरू नये असा इशारा राज्यांना धाडला. देशभरचे पडदातज्ज्ञ हवालदिल झाले, कारण गरीब मधुमेही रुग्णाला परवडणारं तेवढंच औषध होतं. मार्चमध्ये इशारा मागे घेतला गेला. दोन्ही हुकूम मला सारखेच अपुरे वाटतात. पहिल्याने औषधाला दोषी ठरवलं, दुसऱ्याने सोडून दिलं. बाटली कुठून आली, कुणी फोडली, कोणत्या खोलीत, किती दिवस फ्रिजमध्ये ठेवली, किती वेळा सुई खुपसली, या प्रश्नांची उत्तरं देणारी कायमची सरकारी व्यवस्था दोहोंतून उभी राहिली नाही. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने नियमावली केली, चांगल्या रुग्णालयांत लॅमिनार फ्लोखाली, म्हणजे गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या झोतात, सिरिंजा भरल्या जातात. बाकीकडे अजूनही एका बाटलीचे पेशंट एकाच दिवशी बोलावतात आणि पुढचं सगळं डॉक्टरांच्या नेकीवर आणि नर्सच्या हातावर चालतं.

मधल्या काळात बाजार पुढे गेला. अफ्लिबरसेप्ट आलं, मग ब्रोलुसिझुमॅब, २०२२मध्ये फॅरिसिमॅब. इंजेक्शनांमधलं अंतर वाढत गेलं. भारतात लुसेंटिस ‘अक्सेंट्रिक्स’ या नावाने मिळू लागलं आणि २०१५मध्ये अहमदाबादच्या इंटासने ‘रॅझुमॅब’ आणलं, रॅनिबिझुमॅबची, म्हणजे लुसेंटिसमधल्याच रेणूची, जगातली पहिली समकक्ष आवृत्ती.

आपल्यासाठी सगळ्यात कामाचं संशोधन मात्र मधुमेहावरचं. २०१५मध्ये एका संशोधक-जाळ्याने ६६० रुग्णांवर अवास्टिन, लुसेंटिस आणि अफ्लिबरसेप्ट ही तीन औषधं लढवली. नजर थोडीच खालावलेल्यांत तिन्ही बरोबरीची, पण नजर बरीच गेलेल्यांत अफ्लिबरसेप्टने वर्षभरात जवळपास १९ अक्षरं परत आणली आणि अवास्टिनने १२. इथे अवास्टिन उणं पडलं, हे स्वच्छ मान्य करायला हवं. मग २०२२मध्ये त्याच संशोधक-जाळ्याने अगदी व्यवहारी प्रश्न विचारला: आधी अवास्टिन द्यायचं आणि गुण नाही आला तरच महाग औषधाकडे वळायचं, असं केलं तर? ३१२ डोळे, दोन वर्षं. पहिल्यापासून महाग औषध घेतलेल्यांची १५ अक्षरं वाढली, स्वस्तापासून सुरुवात केलेल्यांची १४. यातल्या ७० टक्के डोळ्यांना पुढे औषध बदलावं लागलं, पण वाट पाहण्यात सरासरीने फार बिघडलं नाही. अट एकच, सुरुवातीला तरी रुग्णाने दर महिन्याला यायला हवं. बीडहून पुण्याला यायचं, सोबत मुलाने रजा टाकायची, पुन्हा पुढच्या महिन्यात तेच. ही अट औषधाच्या खर्चात दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्येच डोळ्यासाठीचं अवास्टिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. मे २०२४मध्ये युरोपने डोळ्यासाठी खास बनवलेल्या बेव्हॅसिझुमॅबला, म्हणजे अवास्टिनमधल्याच रेणूला, पहिला परवाना दिला. अमेरिकेने त्याच औषधाला २०२३ आणि २०२५मध्ये नकार दिला. तिथल्या कित्येक डॉक्टरांना परवाना मिळण्याचीच धास्ती आहे: अधिकृत औषध महागड्या दराने आलं, की पन्नास डॉलरच्या सिरिंजेवर बंदी येईल.

आपल्याकडे परवान्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सिरिंजा भरून, तपासून, बॅच नंबर घालून आसपासच्या जिल्ह्यांना पुरवणारा निर्जंतुक कक्ष उभारणं राज्याच्या आवाक्यातलं आहे, आणि ते व्हायला हवं. ते होईपर्यंत घरातल्या कुणाच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं, तर औषधाचं नाव विचारा, ते आणि बॅच नंबर केसपेपरवर लिहून घ्या. स्वस्त औषध दिलं म्हणून डॉक्टरांवर संशय घेऊ नका. इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अंधुक झाली, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि मधुमेह असेल तर नीट दिसत असतानाही वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या.