एक काम, एक पेटी
शेतातल्या अवजारांसाठी एकावर एक बसणाऱ्या पेट्या



आपल्या डहाणू-तलासरीच्या वाडीत अवजारं असतात पुष्कळ, पण त्यांना ठरलेली जागा नसते. कलमाचा चाकू माळ्यावर, पंपाचे वॉशर खिडकीत, पाना मोटारीजवळच्या दगडाखाली आणि ठिबकचे जोड खताच्या रिकाम्या गोणीत. फवारणीच्या सकाळी वारा पडलेला असतो, औषध कालवून तयार असतं आणि नेमका नोझलचा वॉशर सापडत नाही. शोधाशोधीत ऊन चढतं, वारा सुटतो, माणसांची मजुरी अंगावर पडते. वॉशर स्वस्तातला, पण दिवस महाग!

यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक कामाची वेगळी पेटी करावी आणि त्या पेट्या एकावर एक पक्क्या बसतील अशा असाव्यात. काम निघालं की ती एक पेटी उचलायची आणि निघायचं. अशी पेटी घरच्या घरी कशी करावी ते या पत्रकात पाहू.

क्रेटपासून सुरुवात

घोलवड, बोर्डीकडच्या चिकूवाल्यांकडे आणि वाणगावच्या मिरचीवाल्यांकडे प्लास्टिकचे क्रेट असतातच. त्यातले चार-पाच चांगले क्रेट या कामाला बाजूला काढावेत. क्रेटच्या तळाची कड खालच्या क्रेटच्या काठात बसते, म्हणून थर सरकत नाही. मात्र सगळे एकाच मापाचे हवेत. बाजारात ६० बाय ४० सेंटिमीटरचे क्रेट मिळतात, तसेच ५४ बाय ३६ चेही मिळतात. ही दोन्ही मापं एकमेकांवर बसत नाहीत. ६० बाय ४० हे माप जगभर चालतं, कारण युरोपात माल रचायच्या १२० बाय ८० सेंटिमीटरच्या फळीवर अशा चार पेट्या बरोबर मावतात. एकदा माप धरलं की पुढची प्रत्येक पेटी त्याच मापाची घ्यावी.

तडा गेलेला किंवा काठ तुटलेला क्रेट अवजारांना वापरू नये. उन्हात पडून प्लास्टिक ठिसूळ होतं. त्यात लोखंड भरलं की तळ सुटतो आणि पाना पायावर येतो.

कामाप्रमाणे वाटणी

साधारण वाडीला चार पेट्या पुरतात.

१) पंपाची पेटी : नोझल, वॉशर, गाळणी, ट्रिगर, नळीचे क्लिप, पकड आणि नोझल साफ करायला जुना दातांचा ब्रश. नोझल तोंडाने फुंकू नये आणि त्यात तार घालू नये. तारेने भोक मोठं होतं, मग औषध जास्त जातं.

२) कलमाची पेटी : कलमाचा चाकू, छाटणीची कात्री, लहान करवत, पॉलिथिनच्या पट्ट्या, धार लावायचा दगड, स्पिरिटची घट्ट बुचाची बाटली आणि स्वच्छ फडकं. खिरणीच्या खुंटावर चिकूचं कलम बांधताना चाकू स्वच्छ आणि धारदार लागतो. म्हणून या पेटीत तेलकट वस्तू ठेवू नये.

३) पाण्याची पेटी : ड्रिपर, जोड, एंड कॅप, नळीला भोक पाडायचा पंच आणि नळी कापायची कात्री.

४) मोटारीची पेटी : टेस्टर, पाने, पेचकस, चिकटपट्टी, फ्यूजची तार, बॅटरी. लाईट रात्री-अपरात्री येते, म्हणून ही पेटी अंधारातही हाताला लागली पाहिजे. मेन स्वीच बंद केल्याशिवाय मात्र ती उघडू नये बरं का.

झेला, घमेलं, कुदळ, फावडं ही मोठी अवजारं पेटीत कोंबू नयेत. ती खुंटीलाच बरी.

आतले कप्पे

नुसत्या क्रेटमध्ये लहान वस्तू जाळीतून गळतात. तळाला जुन्या रबरी चटईचा किंवा जाड ताडपत्रीचा तुकडा कापून बसवावा. कप्प्यांसाठी खाद्यतेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा आडवा कापला की दोन तबकं होतात. कापलेली धार पकडीने आत वळवून ठोकून घ्यावी, नाहीतर हात कापतो. डबा कापण्याआधी क्रेटचं आतलं माप घ्यावं. चाकू आणि करवत उभी खोचायला बांबूच्या नळ्या सुतळीने कडेला बांधाव्यात. औषधाचा रिकामा डबा मात्र कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये.

पेटीवर कामाचं चित्र काढावं. घरात सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही. पण आपल्याकडे भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणारे हात आहेत. त्यांना ऑइलपेंटने पंप, चाकू, नळी काढायला काय वेळ लागतो! चित्र चारही बाजूंना असावं, म्हणजे थर कसाही रचला तरी ओळख पटते.

लाकडी पेटी करायची तर

सुताराकडून किंवा स्वतः करायची असेल तर १२ मिलिमीटरचा पाण्यात टिकणारा प्लायवूड घ्यावा. भुश्याच्या दाबीव फळ्या आपल्या पावसाळ्यात फुगतात. बाहेरून लांबी ६० आणि रुंदी ४० सेंटिमीटर ठेवावी. उंची २५ पुरे. तळाच्या खालच्या बाजूला २ सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्यांची चौकट ठोकावी. तिचं बाहेरचं माप ५७ बाय ३७ सेंटिमीटर असावं. ही चौकट खालच्या पेटीच्या तोंडात उतरते आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटर मोकळी जागा राहते. ती जागा हवीच, कारण आषाढात लाकूड फुगलं की घट्ट बसवलेली पेटी निघता निघत नाही.

यात झाकणांचा खर्च वाचतो. वरच्या पेटीचा तळ हेच खालच्या पेटीचं झाकण. एक झाकण फक्त सर्वांत वरच्या पेटीला लागतं. दोन्ही आखूड बाजूंना हात घालायला १० सेंटिमीटर लांबीची खाच पाडून कानशीने गुळगुळीत करावी. रिकामी पेटीच पाच-सहा किलो भरते, तेव्हा सामानासकट २० किलोच्या वर जाऊ देऊ नये.

बाहेर कामाला जाणाऱ्यांसाठी

उंबरगाव-वापीकडे सुतारकाम, गवंडीकाम किंवा वायरिंगला जाणाऱ्या तरुणांनाही हीच पद्धत उपयोगी आहे. थापी, ओळंबा, पाणसळ एका पेटीत आणि विजेची हत्यारं दुसऱ्या पेटीत. सिमेंटची पूड यंत्रात गेली की यंत्र बसतं. गाडीवर दोनच पेट्या न्याव्यात, आणि दोन्ही बाजूंना ट्रंकेला असते तशी कडी लावून एकमेकींना जोडाव्यात. झाकणाच्या आत सामानाची यादी चिकटवावी. संध्याकाळी यादी पाहून भरलं की हत्यार साइटवर राहत नाही.

थर कसा रचावा?

हा भाग नीट वाचा. आपल्या भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४ रिश्टरच्या वर तीव्रतेचा धक्का बसला. धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा या बाजूच्या लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. अशा गावात लोखंडाने भरलेला उंच थर घरात ठेवणं धोक्याचं आहे.

म्हणून एका थरात तीनच पेट्या ठेवाव्यात, म्हणजे उंची पाऊण मीटरच्या आसपास राहते. जड पेटी खाली, हलकी वर. थराला पट्टा किंवा दोरी घालून तो घराच्या मेढीला बांधावा. कुडाच्या भिंतीतला खिळा हिसका बसला की उपटून येतो, त्यावर भरवसा ठेवू नये. झोपायच्या जागेशेजारी आणि दाराच्या वाटेवर थर नको. रात्री धक्का बसला तर बाहेर पळायची वाट मोकळी हवी.

औषध वेगळं

कीटकनाशक, तणनाशक किंवा उंदराचं औषध या थरात कधीही ठेवू नये. मुलं पेट्या उघडतात, तोच हात तोंडात जातो. औषध त्याच्या मूळ डब्यातच, लेबलासकट, घरापासून दूर कुलपात असावं. पंपाच्या पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

पावसाळ्यातली निगा

चिंचणी, डहाणू, बोर्डीच्या किनाऱ्याला खारा वारा, तर तलासरीकडे पावसाची ओल. दोन्हीकडे लोखंड गंजतं. ओलं हत्यार पेटीत ठेवू नये. पुसावं, वाळवावं, तेलाचा हात फिरवावा, मग ठेवावं. कलमाच्या चाकूवरचं तेल वापरण्याआधी स्पिरिटने पुसून घ्यावं. थर जमिनीवर न ठेवता दोन विटांवर फळी टाकून तिच्यावर ठेवावा. उघडीप मिळाली की पेट्या रिकाम्या करून उन्हं दाखवावीत. क्रेट मात्र सावलीतच वाळवावेत. कलम किंवा फवारणीबद्दल शंका असेल तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• सगळ्या पेट्या एकाच मापाच्या.
• एका कामाची एकच पेटी, चारही बाजूंना चित्र.
• पेटी २० किलोच्या आत, थर तीन पेट्यांचा.
• जड खाली, हलकं वर, थर मेढीला बांधलेला.
• विष या पेट्यांत नाही.

येत्या सवडीच्या दिवशी पंपाच्या पेटीपासून सुरुवात करा. ती एक लागली की बाकीच्या तीन आपोआप होतील.