पहिल्या श्वासाची राखण

बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्या साऱ्यांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. बाळाचा पहिला टाहो ऐकू आला की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी सुमारे दहा बाळांना श्वास सुरू होण्यासाठी थोडीफार मदत लागते. ती पहिल्या मिनिटातच मिळावी लागते; म्हणूनच वैद्यकशास्त्राने त्यास ‘सुवर्ण मिनिट’ म्हटले आहे. तज्ज्ञ डॉक्टर येईपर्यंत हे मिनिट थांबत नाही. त्या क्षणी जो जवळ असेल, त्याच्याच हातात ही विद्या असावी लागते.

अशी विद्या खेड्यापाड्यांतही रुजू शकते, हे गडचिरोलीने दाखवून दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा उपक्रम सुरू केला. गावातल्याच, जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. सुईणीच्या जोडीने त्या बाळंतपणास हजर राहू लागल्या. बाळाला ऊब देणे, स्तनपान, आजाराची लक्षणे ओळखणे यांबरोबरच न रडणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास देण्यासही त्या शिकल्या. आधी नळी व मुखवट्याने, पुढे हाताने दाबावयाच्या पिशवीने. या कार्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने येथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता.

पुढे २००९ मध्ये केंद्र शासनाने ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू केला. त्यात प्रसूतिकक्षातील डॉक्टर व परिचारिकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींच्या गृहभेटींद्वारे नवजात बालकांची काळजी देशभर घेतली जाऊ लागली.

प्रशिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे एक साधी बाहुली. तिच्यावर क्रम गिरवला जातो. बाळाला उबदार, कोरड्या कापडाने पुसावे. मान किंचित मागे झुकलेली राहील असे निजवावे. गरज भासल्यासच तोंड व मग नाक साफ करावे. पाठ हळुवार चोळावी. एवढ्याने बहुतेक बाळे रडतात. तरीही श्वास नसेल, तर मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवून मिनिटाला ४० ते ६० वेळा पिशवी दाबावी आणि छाती वर उचलली जाते की नाही, याकडे लक्ष ठेवावे. बाळाला उलटे धरून चापट्या मारण्याची जुनी रीत मात्र घातक आहे. ती येथे प्रयत्नपूर्वक विसरावयास लावतात.

शिकणाऱ्यांची खरी कसोटी नंतर लागते. असा प्रसंग रोज येत नाही आणि सराव नसेल तर काही महिन्यांतच हाताची सफाई ओसरते. म्हणून उजळणी हवी आणि पिशवी व मुखवटा प्रत्येक प्रसूतीपूर्वी तपासून हाताशी ठेवलेला हवा. कपाटात कुलूपबंद असलेले साधन त्या मिनिटात उपयोगी पडत नाही.

कुटुंबीयांनाही यात वाटा उचलता येईल. बाळंतपणासाठी रुग्णालय निवडताना आपण खोलीचे भाडे आवर्जून विचारतो. त्याच वेळी, ‘बाळाला श्वास देण्यात प्रशिक्षित व्यक्ती रात्रीही हजर असते ना?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. त्याच्या उत्तरावर एखाद्या घराचे सारे आयुष्य अवलंबून असू शकते.